सत्त्याहत्तराव्या मिनिटाला

६ फेब्रुवारी २०१६, शनिवारची दुपार. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात, अ‍ॅनफिल्डच्या मैदानावर लिव्हरपूल आणि संडरलंड यांच्यातला फुटबॉलचा सामना चालू होता. घरचा संघ दोन गोलांनी पुढे होता. प्रेक्षकांनी गळा मोकळा सोडून गावं, असा तो प्रसंग. पण सामन्याचं सत्त्याहत्तरावं मिनिट लागलं आणि भलतंच घडलं. स्टँडमधली माणसं उठली आणि शांतपणे जिन्यांकडे चालू लागली. एक-दोन नव्हेत, सुमारे दहा हजार. आपला संघ जिंकत असताना, घड्याळात अजून तेरा मिनिटं शिल्लक असताना, ही माणसं आपल्या मैदानाला पाठ दाखवून बाहेर पडली.

पुढे जे झालं ते एखाद्या कादंबरीकारानं लिहिलं असतं, तर संपादकानं ‘फार जुळवून आणलंय’ म्हणून कापलं असतं. ब्याऐंशीव्या मिनिटाला संडरलंडनं एक गोल केला. एकोणनव्वदाव्या मिनिटाला दुसरा. जिंकलेला सामना बरोबरीत सुटला.

सत्त्याहत्तर हाच आकडा का, तर क्लबच्या मालकांनी दोन-चार दिवस आधी पुढच्या हंगामाचे तिकीटदर जाहीर केले होते आणि नव्यानं बांधल्या जाणाऱ्या मुख्य स्टँडमधल्या सर्वांत महाग तिकिटाची किंमत ठेवली होती ७७ पौंड. त्याआधीचं सर्वांत महाग तिकीट ५९ पौंडांचं होतं. त्या वेळच्या विनिमयदरानं ७७ पौंड म्हणजे साडेसात हजार रुपये. नव्वद मिनिटांच्या खेळाचे. संपूर्ण हंगामाच्या सर्वांत महाग पासानं तर क्लबच्या इतिहासात प्रथमच हजार पौंडांची रेघ ओलांडली होती.

चार दिवसांनी मालकांनी माघार घेतली. हे मालक म्हणजे अमेरिकेतल्या बोस्टनचा फेनवे स्पोर्ट्स ग्रुप. त्यांनी प्रेक्षकांची जाहीर माफी मागितली, ७७ पौंडांचं तिकीट रद्द केलं आणि पुढचे दोन हंगाम दर गोठवले.

या घटनेचं मला कौतुक वाटलं आणि कुतूहलही. माझं आयुष्य बँकेत गेलं. व्याजदर वाढले, शुल्क वाढली म्हणून काउंटरवर भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण महागाईच्या निषेधासाठी आपल्याच आनंदातली शेवटची तेरा मिनिटं टाकून देणारी माणसं ही काही वेगळीच जात म्हणायची. त्यांना राग कशाचा आला होता, हे नीट समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागतं.

लिव्हरपूलच्या मैदानावरचा सर्वांत प्रसिद्ध स्टँड म्हणजे ‘कॉप’. या नावाशी आपलाही एक धागा जुळलेला आहे. जानेवारी १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात स्पियन कॉप नावाच्या टेकडीवर भयंकर लढाई झाली. तिथं मेलेल्या इंग्रज सैनिकांत लँकेशायरच्या रेजिमेंटमधले पुष्कळ होते, त्यांत लिव्हरपूलची पोरंही होती. १९०६ मध्ये अ‍ॅनफिल्डवर मातीचा उंच चढ करून प्रेक्षकांना उभं राहायला जागा केली, तेव्हा तिथल्या एका क्रीडा संपादकानं त्या टेकडीची आठवण म्हणून हे नाव सुचवलं. त्याच स्पियन कॉपच्या उतारावरून जखमींना डोलीत घालून वाहून आणणाऱ्यांमध्ये नाताळमधल्या हिंदी लोकांचं शुश्रूषा पथक होतं आणि त्या पथकाचे पुढारी होते मोहनदास करमचंद गांधी.

तर हा कॉप. एके काळी तिथं अठ्ठावीस हजार माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहत. बंदरातले हमाल, जहाजांच्या गोद्यांतले कामगार, कारखान्यांतले फिटर आणि त्यांची पोरं. शनिवारी दुपारी तीनला सामना सुरू करण्याची इंग्लंडची प्रथाच मुळी कामगारांच्या अर्ध्या सुट्टीतून आलेली. सकाळपाळी संपली, घोटभर बिअर घेतली की सरळ मैदान. दारावर सुटी नाणी द्यायची, फिरता दांडा ढकलायचा आणि आत शिरायचं. ही खेळाची चैन नव्हती. आठवडाभर मान मोडून काम केल्यावर मिळणारा तो हक्काचा विसावा होता.

खेळाचा हिशेबही तेव्हा साधा होता. खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा असे. १९६१ मध्ये ती उठली, तेव्हा मर्यादा होती आठवड्याला २० पौंड. म्हणजे मैदानात धावणारा आणि कॉपवर उभा राहून त्याला शिव्या घालणारा, दोघं बहुधा सारख्याच घरांत राहत. क्लबच्या संचालकांनी लाभांश किती घ्यावा यावर फुटबॉल असोसिएशनचं बंधन होतं. क्लब चालवायचा तो गावाच्या इभ्रतीसाठी, त्यातून कमाई करायची नाही, असा संकेत होता. लीगच्या सामन्यात दारावर जमलेल्या गल्ल्यातला वाटा पाहुण्या संघालाही मिळे. मोठ्याच्या पंक्तीत धाकट्याचंही पान असायचं.

१९८३ साली हे दोन्ही बदललं. गल्ल्याची वाटणी बंद झाली, ज्याचं मैदान त्याचा गल्ला असा नियम आला. त्याच वर्षी लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्परनं वेगळी कंपनी काढून तिचे शेअर बाजारात विकले आणि लाभांशाचं जुनं बंधन अलगद बाजूला ठेवलं. हळूहळू क्लब ही भांडवलाची जागा झाली.

मग आला १५ एप्रिल १९८९. शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातल्या चषकाच्या उपांत्य सामन्याला कुंपणाच्या आत कोंडलेल्या उभ्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली. तिच्यात लिव्हरपूलच्या ९७ प्रेक्षकांचे जीव गेले. बळी पडलेल्यांत शाळकरी मुलं होती, बाप-लेक होते, बहिणी-बहिणी होत्या. चौकशीसाठी नेमलेल्या लॉर्ड जस्टिस टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये अंतिम अहवाल दिला. मोठ्या मैदानांवर यापुढे उभं राहण्याची जागा नको, प्रत्येकाला बसायला खुर्ची हवी, ही त्यातली मुख्य शिफारस.

त्या अहवालातला एक मुद्दा मात्र पुढे सोयीस्करपणे विसरला गेला. खुर्च्या आल्या की तिकिटं महागतील, ही शंका टेलरसाहेबांना आली होती. म्हणून त्यांनी लिहून ठेवलं की, आज उभं राहणाऱ्याच्या खिशाला परवडेल असेच स्वस्तातल्या खुर्चीचे दर ठेवणं शक्य आहे. उदाहरणही दिलं, ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचं. तिथं उभं राहण्याला ४ पौंड पडत आणि बसण्याला ६.

१९९२ मध्ये प्रीमियर लीग स्थापन झाली. सॅटेलाइट टीव्हीचा पैसा आला. ३० एप्रिल १९९४ रोजी कॉपवर लोक अखेरचे उभे राहिले. त्यानंतर तिथं खुर्च्या बसल्या आणि अठ्ठावीस हजारांच्या जागी बारा हजारांच्या आसपास माणसं मावू लागली. १९८९-९० च्या हंगामात अ‍ॅनफिल्डवरचं सर्वांत स्वस्त तिकीट चार पौंडांच्या आसपास होतं. २०११ पर्यंत ते चाळिशी ओलांडून गेलं. या काळात इंग्लंडमधली सर्वसाधारण महागाई दुपटीच्या आतच राहिली होती. तिकीट मात्र दहापट झालं. ज्या दुर्घटनेत या लोकांची माणसं गेली, तिच्यातून निघालेल्या सुधारणेचं बिल शेवटी त्यांच्याच हातात पडलं. अ‍ॅनफिल्डच्या रागाचं मूळ मला इथं दिसतं.

आता मालकांची बाजू. कोणत्याही खात्याला दोन बाजू असतात, एकच बाजू वाचून सही करू नये हे मला नोकरीनं शिकवलं. मालक म्हणाले, आम्ही मैदान वाढवतोय. नव्या स्टँडसाठी दहा कोटी पौंडांहून अधिक खर्च आहे, त्यातून साडेआठ हजार जागा वाढतील. सगळीच तिकिटं काही महाग होणार नाहीत. काहींचे दर उतरणार आहेत, ठरावीक सामन्यांना ९ पौंडांची तिकिटंही ठेवली आहेत. चांगले खेळाडू आणायचे तर पैसा लागतो आणि हरणारा संघ कुणालाच नको असतो. यात खोटं काहीच नव्हतं.

पण मग आकडे मांडून पाहू. त्या वेळी अ‍ॅनफिल्डवर जागा होत्या सुमारे ४५ हजार. लीगचे घरच्या मैदानावरचे सामने वर्षाला १९. प्रत्येक तिकिटावर एक पौंड कमी केला, तर क्लबला वर्षाला फटका बसेल साडेआठ लाख पौंडांचा. प्रत्येक तिकिटावर सरसकट दहा पौंड कमी केले, तर पंच्याऐंशी लाखांचा. हा झाला खर्च.

दुसरीकडे, २०१३ ते २०१६ या तीन हंगामांसाठी प्रीमियर लीगचे फक्त ब्रिटनपुरते टीव्ही हक्क ३०१.८ कोटी पौंडांना गेले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये पुढच्या तीन हंगामांचे हक्क विकले गेले ५१३.६ कोटींना. म्हणजे नुसती वाढच दोनशे अकरा कोटींची. वर्षाला सत्तर कोटी. वीस क्लबांत सरासरीनं वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला साडेतीन कोटी पौंड जादा. हा हिशेब ढोबळ आहे, वाटप काही काटेकोर समान होत नाही. पण लिव्हरपूलसारख्या क्लबला सरासरीहून कमी मिळत नाही, हेही खरं. थोडक्यात, प्रत्येक प्रेक्षकाला दहा पौंड स्वस्त तिकीट द्यायचं, तर टीव्हीच्या नुसत्या वाढलेल्या पैशांतला चौथा हिस्सा पुरला असता. मूळ पैशाला हात लावायचीही गरज नव्हती. आणि मालक करत काय होते, तर त्याच वर्षी तिकीट वाढवत होते.

२०१४-१५ सालचा लिव्हरपूलचा ताळेबंद सांगतो की, सुमारे ३० कोटी पौंडांच्या उत्पन्नात टीव्हीचा वाटा १२ कोटींच्या वर, जाहिरात आणि व्यापाराचा साडेअकरा कोटींच्या घरात आणि सामन्याच्या दिवसाची कमाई ६ कोटींच्या आत. एके काळी दारावरच्या गल्ल्यावर जगणारा क्लब त्या वर्षी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा तिथून मिळवत होता. तेव्हा तिकीट वाढवल्याशिवाय चालणारच नाही, हे म्हणणं टिकत नाही. ती वाढ नाइलाजानं केलेली नव्हती. करता येते म्हणून केलेली होती.

करता का येते, याचंही उत्तर सोपं आहे. अर्थशास्त्राची पुस्तकं म्हणतात, माल महाग वाटला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं आणि त्या भीतीनं दुकानदार भाव आवरतो. बँकेतही तेच. खातेदार रागावला तर पासबुक घेऊन समोरच्या बँकेत जाईल, हा धाक आम्हाला कायम असे. पण लिव्हरपूलचा माणूस तिकीट महागलं म्हणून मँचेस्टरचा भक्त होत नाही. त्याचा बाप त्याला सातव्या वर्षी खांद्यावर बसवून इथं घेऊन आलेला असतो. तो दुकान बदलू शकत नाही आणि मालकाला हे पक्कं ठाऊक असतं. निष्ठेवर सूट द्यायची सोडून निष्ठेवर जादा आकार लावायचा, असा हा उफराटा व्यवहार. सावकाराला कूळ गाव सोडून जाणार नाही याची खात्री असली, की व्याज कुठवर चढतं, ते आपल्या मुलखाला सांगायला नको.

‘मैदानं तर भरलेली आहेत ना? मग तक्रार कसली?’ असं विचारणारे असतात. भरलेली आहेत, हे खरंच. एक निष्ठावान परवडत नाही म्हणून उठला, तर त्याच्या खुर्चीवर आयुष्यात एकदा अ‍ॅनफिल्ड पाहायला आलेला प्रवासी बसतो. त्या प्रवाशाबद्दल माझ्या मनात आकस नाही, उद्या मी गेलो तर मीही तोच असेन. पण तो फोटो काढतो, मफलर विकत घेतो आणि जातो. पुढल्या शनिवारी पावसात तळाच्या संघाविरुद्धचा कंटाळवाणा सामना पाहायला तो येणार नसतो. वहीत दोन्ही खुर्च्या सारख्याच दिसतात, ‘भरलेली’ म्हणून.

जानेवारी २०१३ मध्ये लंडनला आर्सेनल आणि मँचेस्टर सिटी यांचा सामना होता. पाहुण्या प्रेक्षकांसाठी तिकीट ६२ पौंड. मँचेस्टरहून जाण्यायेण्याचा खर्च वेगळाच. सिटीच्या वाट्याच्या तीन हजार तिकिटांपैकी नऊशेहून अधिक परत गेली. सिटी जिंकली. सामना संपल्यावर एका सहायक पंचानं सिटीच्या खेळाडूंना सांगितलं की, त्या लोकांनी इथं येण्यासाठी बासष्ट पौंड मोजलेत, जाऊन त्यांचे आभार माना. कॅमेऱ्यानं ते टिपलं आणि पुढच्या एका सामन्याच्या कामगिरीवरून त्या पंचाला दूर ठेवण्यात आलं. मैदानावरच्या बावीस खेळाडूंच्या कमाईची चर्चा रोज होते. प्रेक्षकाच्या बासष्ट पौंडांची आठवण काढणं मात्र शिस्तीत बसलं नाही.

या साऱ्याशी आपला काय संबंध, असं एखादी गृहिणी पुरवणी बाजूला ठेवता ठेवता विचारील. संबंध आहे. आमच्या ताईचा मुलगा ठाण्याला राहतो. लिव्हरपूलचा लाल शर्ट घालून शनिवार-रविवारी रात्री टीव्हीसमोर बसतो. त्याच्यासारखी मुलं आज पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात घराघरांत आहेत. कोल्हापूरला तर फुटबॉलचं वेड पेठापेठांतून जुनंच. टीव्हीचा जो पैसा मी वर मांडला, त्यात परदेशांतल्या प्रेक्षकांचा हिस्सा धरलेला नाही. तो वेगळा आणि तोही प्रचंड. त्या हिश्श्यात ठाण्याच्या त्या मुलाच्या वर्गणीचेही चार पैसे आहेत.

एकदा मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. रात्री साडेदहा वाजून गेले होते. मी म्हटलं, “अरे, आवाज जरा कमी कर. चित्र दिसतंय की.”

तो म्हणाला, “मामा, आवाज बंद केला तर मॅचमध्ये उरतं काय? ते लोक गातात ना, त्यासाठीच तर बघायचं.”

त्याच्या या बोलण्याचा पुरावा २०२० साली मिळाला. कोविडच्या साथीमुळे बंद पडलेली प्रीमियर लीग जून महिन्यात पुन्हा सुरू झाली, ती रिकाम्या मैदानांत. तोच खेळ, तेच खेळाडू, तोच चेंडू. पण खेळाडूंच्या हाका आणि चेंडूचा धप्प आवाज एवढंच ऐकू यायला लागलं, तेव्हा टीव्ही कंपन्यांनी गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज वरून जोडला. त्या जूनमध्ये लिव्हरपूलनं तीस वर्षांनी लीग जिंकली आणि जुलैत करंडक उंचावला, तो निर्मनुष्य कॉपवर. ते दृश्य पाहताना लग्नाचा हॉल, मंगलाष्टका, वधू-वर सगळं आहे आणि वऱ्हाडच नाही, असं वाटलं.

म्हणजे टीव्ही कंपन्या जे कोट्यवधी पौंड मोजतात, त्या मालातला मोठा भाग प्रेक्षक तयार करतात. ते गातात, झेंडे फडकवतात, घरून शिवून आणलेले फलक लावतात. मेहनताना काही नाही. उलट त्यासाठी दाराशी पैसे भरतात. नाटक कंपनीनं नटाकडूनच तिकीट घ्यावं, तसं हे. ताळेबंदात ‘गुडविल’ नावाची एक नोंद असते. डोळ्यांना न दिसणारी पण धंद्याला मोलाची अशी कमाई. फुटबॉल क्लबाचं गुडविल कॉपवर गातं आणि त्याचा गळा दाबून उत्पन्न वाढवता येत नाही.

दुसरा रस्ता नाहीच, असंही नाही. तो जर्मनीत आहे आणि महाराष्ट्राला तो समजायला अवघड जाऊ नये, कारण आपण सहकारी संस्थांत वाढलेली माणसं. तिथं १९९८ पासून नियम आहे. क्लबची कंपनी झाली तरी निम्म्याहून किमान एक मत अधिक सभासदांच्या संस्थेकडेच राहिलं पाहिजे. दोन-चार अपवाद आहेत. पण साधारण रीत ही. सभासद वार्षिक सभेत बसतो, हात वर करतो, अध्यक्षाला जाब विचारतो. आपल्याकडे अशा सभांचं पुढे काय झालं, तो निराळा विषय. पण तत्त्व तेच. परिणाम असा की, डॉर्टमुंडच्या मैदानाच्या दक्षिण स्टँडमध्ये आजही पंचवीस हजारांच्या आसपास माणसं उभी राहून सामना पाहतात. ज्या वर्षी लिव्हरपूलमध्ये ७७ पौंडांवरून रण माजलं, त्या सुमारास तिथलं उभं राहण्याचं तिकीट वीस युरोंच्या आत होतं.

तिथले लोकही गप्प बसत नाहीत. लिव्हरपूलच्या त्या घटनेनंतर तीनच दिवसांनी, ९ फेब्रुवारी २०१६ रोजी, श्टुटगार्टला चषकाच्या सामन्यासाठी गेलेले डॉर्टमुंडचे प्रेक्षक महाग तिकिटांच्या निषेधार्थ वीस मिनिटं उशिरा आत आले आणि त्यांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले. मागणी होती वाजवी दरांची. म्युनिकच्या बायर्न क्लबचे उली होएनेस अध्यक्ष असताना हंगामाच्या स्वस्त पासाबद्दल बोलले होते. त्यांचं म्हणणं असं की, पासाची किंमत तिप्पट केली तर क्लबला वीसेक लाख जादा मिळतील, खेळाडू विकत घेताना तेवढ्या रकमेवर आम्ही पाच मिनिटं घासाघीस करतो. पण प्रेक्षकाच्या दृष्टीनं तो फरक फार मोठा आहे. प्रेक्षक म्हणजे दूध काढायची गाय नव्हे, असंही ते म्हणाले. हे गृहस्थ साधुसंत नव्हते, करचुकवेगिरीसाठी पुढे तुरुंगात गेले. पण हा हिशेब त्यांना पक्का कळला होता.

लिव्हरपूलच्या निषेधानंतर इंग्लंडमध्ये काही सुधारलंही. मार्च २०१६ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी ठरवलं की, दुसऱ्याच्या मैदानावर जाणाऱ्या पाहुण्या प्रेक्षकाला तिकीट ३० पौंडांपेक्षा महाग विकायचं नाही. ही मर्यादा पुढेही चालू ठेवण्यात आली. चाहत्यांच्या संघटना त्यासाठी काही वर्षं झगडत होत्या. उठून जाणाऱ्यांच्या पावलांचा आवाज बोस्टनपर्यंत पोचला होता, तो लंडनमध्येही ऐकू गेला.

पण लोभाला विस्मरण लवकर होतं. एप्रिल २०२४ मध्ये दरवाढीच्या निषेधार्थ कॉपवर युरोपीय सामन्याच्या रात्री नेहमीचे झेंडे लागले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस मँचेस्टर युनायटेडनं हंगाम अर्ध्यावर असताना उरलेल्या सामन्यांच्या सभासद-तिकिटांना सरसकट ६६ पौंड लावले. मुलांची आणि निवृत्तांची सवलत काढून टाकली. आधी पंचवीस पौंडांपासून मिळणारं पोराचं तिकीट सहासष्टला. २०२६ च्या विश्वचषकासाठी तर फिफानं मागणीप्रमाणे चढत जाणारे दर आणले. राजधानी गाडीच्या तिकिटाला २०१६ पासून आपण तो प्रकार अनुभवतोच आहोत. निष्ठावान चाहत्यांसाठी राखलेल्या तिकिटांतही अंतिम सामन्याचं सर्वांत स्वस्त तिकीट चार हजार डॉलरांच्या वर निघालं, म्हणजे पावणेचार लाख रुपये. युरोपातल्या चाहत्यांच्या संघटनेनं त्याला विश्वासघात म्हटलं. गदारोळ झाला, तेव्हा डिसेंबर २०२५ मध्ये फिफानं थोडी तिकिटं ६० डॉलरना काढली. चार हजारांचं तिकीट साठला देता येत होतं तर! मग चार हजार हा आकडा आला कुठून? तो मालाच्या खर्चातून आलेला नव्हता. समोरचा किती सोसेल, या अंदाजातून आलेला होता.

या सगळ्यात मला चिंता वाटते ती त्या पंचवीस पौंडांच्या पोराची. मोठी माणसं कुरकुरत का होईना पैसे भरतात, कर्ज काढतात, सुट्टीचा प्रवास रद्द करतात. खेळाचं वेड त्यांना आधीच जडलेलं असतं. पण वेड जडायला एक वय असतं. सात ते चौदा. त्या वयात ते पोर बापाचा हात धरून मैदानात आलं नाही, हिरवळ पहिल्यांदा समोर उलगडताना त्याचे डोळे विस्फारले नाहीत, तर पुढे ते टीव्हीवर सामना बघेल, शर्टही घेईल. पण गाणार नाही. शेजारच्या म्हाताऱ्याकडून गाणं शिकायलाच ते तिथं नव्हतं. शाळेनंतर चार मित्रांनी खाऊचे पैसे गोळा करून सामन्याला जाणं, ही गोष्ट आज इंग्लंडच्या मोठ्या मैदानांवर जवळजवळ संपलेली आहे.

हा तोटा कोणत्याही वर्षीच्या ताळेबंदात दिसणार नाही. पोराची खुर्ची कुणीतरी भरलेली असेल, सहासष्ट पौंड जमा झालेले असतील, लेखापरीक्षक समाधानानं सही करील. बँकेत आम्ही बुडीत कर्जाची तरतूद दरवर्षी करायचो, कारण आज नीट दिसणारं खातं उद्या बुडू शकतं, हे गृहीत धरलेलं असायचं. फुटबॉलच्या धंद्यात अशी तरतूद कुणी करत नाही. मूल न आल्याचा तोटा वीस वर्षांनी दिसेल. खुर्च्या तेव्हाही भरलेल्याच असतील. फक्त ठाण्यातल्या एखाद्या घरात कुणीतरी रात्री टीव्हीचा आवाज वाढवेल आणि गर्दीचा तो आवाज रेकॉर्ड केलेला असेल.